दर तिसऱ्या घरावरचा चुना

...आणि आकडे काढायचेच होते तर आधी तोंडाने सांगायला काय झालं होतं? शिकलेली माणसं भिंतीवर चुना ओढून मोकळी झाली, आणि इथे वाडीत जावा-जावांचं बोलणं बंद पडलं. मी तिसरीपर्यंत शिकलेय, चुका असतील. हे समाजमंदिराच्या फळ्यावर लावतेय, सगळ्यांनी वाचा. दुसरी प्रत महाडला उतरलेल्या त्यांच्या सरांना धाडलीय.

झालं असं... गेल्या सोमवारी पोलादपूरच्या एसटीतून पाच पोरं-पोरी आमच्या बौद्धवाडीत उतरली. सगळी कॉलेज संपवून पुढचं शिकणारी. एक दगडमातीवाला, एक झाडांची, एक पाण्याचा, एक रस्ते-पुलांचा, आणि एक घरोघर विचारपूस करणारी.

म्हणे नवीन शिक्षण निघालंय. निसर्गाचं दुखणं एका विषयाने बरं होत नाही, म्हणून सगळे विषय एकत्र.

मला बरं वाटलं. वाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग पडलीय. गेल्या वर्षी बोट जात होतं, आता माझं पाऊल जातं. ग्रामसेवक म्हणतो तलाठ्याकडे जा, तलाठी म्हणतो फॉरेस्टकडे. म्हटलं, इथे सगळेच एकदम आलेत, आता कोण कुठे धाडणार?

वर नेऊन दाखवली. दगडवाला म्हणाला, खडक कुजलाय. झाडवाली म्हणाली, कोळशासाठी जंगल तोडलं त्याचं हे. पाणीवाला म्हणाला, पाणी मुरतंय. पूलवाला म्हणाला, खाली रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलाय. तासभर भांडले...

मी मधेच विचारलं, "ते राहू दे. आम्ही उठायचं का राहायचं?" तर सगळे परत भेगेची लांबी मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी विचारपूसवालीने काही घरांवर चुन्याने आकडे काढले. माझ्या जावेच्या घरावर चार. शेजारी माझं घर, त्यावर काहीच नाही. आता वाडीने काय समजायचं? आकडा पडला ते घर दरडीखाली जाणार!

जावेने संध्याकाळपर्यंत निम्मी कौलं उतरवली, भांडी गोणत्यात भरली. मला म्हणते, "तुझं बरं हाय गो. तुला डोंगर पावला." जसं काय मीच डोंगराला सांगून आले. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

मग मी त्या पोरीला हाताला धरून जावेच्या अंगणात आणली. "सांग, हे घर का जाणार नि माझं का नाय?"

ती घाबरलीच. "अहो मावशी, कुठलंही घर जाणार असं नाही... आम्ही दर तिसऱ्या घरात प्रश्न विचारतो. सगळ्यांना विचारायला वेळ पुरत नाही ना."

जाऊ उघड्या आढ्याखाली बसली होती. म्हणाली, "म्हंजे तुझा वेळ वाचावा म्हणून मी घर उघडं केलं?"

पोरगी रडायलाच लागली. मग तिनेच बाकीच्या चौघांना बोलावून आणलं, आणि पाचही जण शिडी लावून कौलं चढवायला लागले. पूलवाल्याला एक ओळ सरळ लागेना. "हा पूल बांधणार हाय म्हणे!" जाऊ म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. खोटं कशाला बोलू, उन्हातान्हात राबली पोरं, मगच एसटी धरून महाडला गेली. त्यांचे उपकार आहेत.

पण मला आता आणखीच कळेनासं झालंय. आधी वाटत होतं, आकड्याचं घर जाईल. आता कुठलं जाईल, जाईल का नाही, काहीच ठाऊक नाही. पोरांनो, कौलं चढवलीत ती आम्ही राहावं म्हणून, का तुमची चूक झाली म्हणून?

बुद्धपौर्णिमेला वाडीची बैठक आहे. उठायचं ठरलं तर खालच्या गावाकडे जागा मागावी लागेल. नुसत्या आमच्या तोंडाला कोण जागा देतोय? हातात कागद लागतो.

तेव्हा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या एसटीने कागद आला पाहिजे. पाच विषयांचे पाच कागद नकोत. एकच पाठवा. उठा किंवा राहा, एवढंच लिहा... आणि खाली पाचही जणांनी सही करा.