सहदेवभाऊंची पावडर

चिखलीच्या बसस्टँडजवळ सहदेव गवईंचं औषधांचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं वह्या-पुस्तकांचं. भाऊ भारी बोलके. खोकल्याची बाटली घ्यायला आलेला माणूस टॉनिक आणि कॅल्शियमच्या गोळ्याही घेऊन जायचा. आपण काय काय घेतलं हे त्याला घरी गेल्यावर कळायचं.

दुसऱ्यांना असं भुलवणारा हा गृहस्थ मोबाइलवरच्या एका जाहिरातीला भुलला. त्यांची आठ वर्षांची लेक महामाया ऑटिझम असलेली. बोलते मोजकं आणि जेवते एकच, बेसन-भात, म्हणजे आपला पिठलं-भात. दोन्ही वेळा, बारा महिने. जाहिरातीतल्या पावडरीने म्हणे अशी मुलं घडाघडा बोलायला लागतात.

"डॉक्टरले तं इचारा आधी," बायको धम्मशीला म्हणाली.

"मी औषधातलाच माणूस आहो. मले काय इचारा लागते?"

आणि भाऊंनी चमचाभर पावडर गुपचूप बेसनात कालवली.

महामायाने घास थुंकला, ताट सरकवलं. दुसऱ्या दिवसापासून साध्या बेसनालाही ती हात लावेना. एकच तर जेवण होतं, तेही गेलं. आठवडाभर पोरगी दूध-बिस्किटांवर. मला भाऊंचा भारी राग आला होता, पण त्यांचं उतरलेलं तोंड बघून तो विरघळला.

शेवटी डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. "लोह कमी आहे, त्याचं औषध देऊ. पण तिला दाखवून, सांगून. आणि गवई, पावडरीने ऑटिझम जात नसतो."

मग भाऊंनी लेकीला ओट्यावर बसवलं आणि तिच्यासमोर बेसन केलं. पीठ, हळद, मीठ, एकेक डबा तिच्या नाकाशी नेला. "पाह्य माय, दुसरं काही नाही टाकून राह्यलो."

तिने पहिला घास बापाच्या तोंडात घातला. त्यांनी गिळेपर्यंत टक लावून बघितलं. मगच स्वतः जेवली.

महिनाभर हेच. दुपारी दुकान बंद करून भाऊ घाईघाईने निघाले की मी चिडवायचो, "चालले का परीक्षेले?"

परवा मीही त्यांच्याकडे जेवायला होतो. ताट वाढून झालं, भाऊंनी सवयीने तोंड पुढे केलं. महामायाने घास कालवला आणि सरळ स्वतःच्या तोंडात घातला. मग दुसरा, मग तिसरा. बापाकडे बघितलंसुद्धा नाही.

भाऊ तोंड उघडं ठेवूनच रडायला लागले.