सुमनची काडेपेटी

संडास तपासणाऱ्या लॅबमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. ते रोज सकाळी काडेपेटीत बंद होऊन टेबलावर येतात. आमच्याकडे नमुना काडेपेटीतूनच आणायची रीत होती.

*

गंगाधरकाका आमचे सीनियर टेक्निशियन, मी त्यांच्या हाताखाली. एकदा बिडी पेटवायला त्यांनी टेबलावरची काडेपेटी उघडली. तेव्हापासून बिडी बाहेर, आणि काडी माझ्याकडून!

*

पालमकडच्या एका पाटलांना चिमूटभर आणा म्हटलं, तर डालड्याचा डबा भरून आणला. "सरकारी काम हाय, कमी पडाया नको."

*

मी वाचलं होतं, पुढे म्हणे डीएनएवरून जंत ओळखतील. उत्साहाने काकांना सांगितलं. तेवढ्यात लाईट गेली. मायक्रोस्कोप खिडकीशी नेऊन आरशात ऊन धरत काका म्हणाले, "पोरी, तुझ्या डीएनएला लाईट लागती का?"

*

आणि सुमन. आठ वर्षांची, नखं पांढरीफटक, माती खायची. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा बसायची. डॉक्टरांना हुकवर्मचा, म्हणजे आतड्यात रक्त पिणाऱ्या जंताचा, संशय होता. तिचे आजोबा, सखारामआबा, एसटीने नमुना घेऊन आले. स्वच्छ. दुसराही स्वच्छ.

काका म्हणाले, लिहून टाक, जंत नाहीत. मी भांडले. पोरगी वाळत चाललीय आणि यांना रजिस्टर पूर्ण करायची घाई! तिसरा मागवला. तोही इतका स्वच्छ, की मला रागच आला.

"आबा, खरं सांगा. हे सुमनचंच आहे?"

आबा वहाणांकडे बघत राहिले.

"न्हाई बाई. माजं हाय. तिचं वाईट निघंल म्हून लय भ्याव वाटलं. माजं पोट चांगलं हाय. म्हनलं, तिच्या नावावर माजंच लागू द्या."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. तसंच मिटून रिकामी काडेपेटी त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सुमनचा खरा नमुना आला. काकांनी बघितलं आणि मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. हुकवर्मची अंडीच अंडी. जंताचं औषध, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

दोन महिन्यांनी सुमन आली. तीन पायऱ्या एका दमात. मागून आबा, धापा टाकत. बंडीच्या खिशातून त्यांनी काडेपेटी काढून माझ्यापुढे ठेवली.

"घ्या. ही तिचीच हाय."