भिवाजी पेंटर आणि शेपटीवाला एन

माले गावच्या भिवाजींनी चाळीस वर्षं पौड रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला. "त्याला काय अक्षर म्हनायचं व्हय?" म्हणत हा हट्टी माणूस दोन वर्षं घरीच बसला. शेवटी सून रूपालीनं वैतागून भुकूमच्या एका सोसायटीत त्यांची वॉचमनची नोकरी ठरवून टाकली. सोमवारी हजर व्हायचं होतं. त्या विचारानंच भिवाजींची जेवणावरची वासना उडाली.

शनिवारी कासार आंबोलीहून मारेत आली. पार नॉर्वेच्या उत्तर टोकाची, तिथल्या मूळच्या सामी लोकांतली, लग्न होऊन इकडे नांदायला आलेली. तिला फाटकावर घराचं नाव तिच्या भाषेत हवं होतं: jiekŋa. म्हणजे बर्फ. मुळशीत, आणि घराचं नाव बर्फ! पण फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर त्या शेपटीवाल्या अक्षराच्या जागी नुसता चौकोनच यायचा.

"एनला शेपूट?" भिवाजी एकदम खुलले. "म्हनायचं कसं ह्याला?"

तिनं म्हणून दाखवलं.

"अहो, ह्यो तर आपला ङ! शाळंत घोकला, पन उभ्या जन्मात रंगवाया न्हाई मिळाला!"

रविवारी सकाळीच अंगणात सागाची फळी मांडली. दोन वर्षांनी ब्रश हाती आला आणि हात लागला पळायला. शेपटीचं वळण इतकं झोकात उतरलं की भिवाजी चक्क गुणगुणायला लागले. आणि त्याच तंद्रीत सगळ्या अक्षरांच्या डोक्यावरून त्यांनी सरळ शिरोरेघ ओढली. मराठी पाट्यांवर मुरलेला हात तो, विचारून थोडाच थांबतोय!

लक्षात आलं तसं त्यांनी फडकं उचललं. नेमकी तेव्हाच मारेत फाटकातून आत आली.

"चुकलं, बाई. आत्ता पुसतो."

तिनं त्यांचा हातच धरला. "नका पुसू. माझ्या आजीला शाळेत आमची भाषा बोलल्यावर शिक्षा व्हायची. तिच्या अक्षरांवर तुम्ही छप्पर घातलंत. राहू दे."

भिवाजींना भरून आलं. ते उगाच ब्रश धुवायला वळले. तेवढ्यात ओसरीवर त्यांचा मोबाइल वाजला. सोसायटीचा सुपरवायझर, उद्याची आठवण करायला.

सासऱ्याचं गुणगुणणं रूपाली सकाळपासून ऐकत होती. तिनंच फोन उचलला.

"न्हाई यायचे आमचे मामंजी. दुसरा मानूस बघा. ते पेंटर हायेत."