शनिवारची मिस्सा कोणासाठी

आइंडहोवनला मुलाकडे राहायला आले तेव्हा वाटलं होतं, आता बोलायचं ते देवाशी आणि फोनवर वसईशी. मुलगा चिप बनवायच्या यंत्रांच्या कामात, सून तिच्या ऑफिसात, आणि नातवाला मराठी समजतं पण उत्तर डचमधून येतं. मग चर्चमध्ये मला ती भेटली. माझ्याहून बरीच मोठी, चालताना आधाराला चाकांचा रोलेटर ढकलत यायची, पूर्व युरोपातून लेकीकडे येऊन राहिलेली. मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधली उपासना झाली की, इथे कॉफी देतात, सोबत एक बिस्किट. एकच हं! डब्याचं झाकण लगेच बंद. तिने पहिल्याच रविवारी ते झाकण परत उघडलं आणि डबा माझ्यापुढे धरून म्हणाली, "घे गं. आपण लांबून आलेल्या, आपल्याला सगळं माफ असतं."

झाली मैत्री. आमची डच अशी की दोघींची मिळून एक धड होत नव्हती, तरी तासन्‌तास बोलायचो. माझ्या नवऱ्याच्या दारूचं मी सख्ख्या बहिणीला कधी सांगितलं नव्हतं, ते हिला सांगितलं. तिने नुसता माझा हात थोपटला होता.

तिच्या खोलीत एक जुना फोटो होता. हडकुळा माणूस, जाड चष्मा, कान बाहेर आलेले. "हा माझा मामा," ती म्हणाली. "बिशप होता. कम्युनिस्टांनी तुरुंगात संपवला."

आता आम्हा वसईच्या ख्रिस्ती माणसांना बिशप म्हणजे काय, हे सांगायला नको. आमच्याकडे बिशप येणार म्हटलं की आठवडाभर आधी रस्ते झाडतात. आणि ही तर हुतात्म्याची भाची! मी त्याच संध्याकाळी नणंदेला फोन केला. नणंदेने गावभर केला.

ती सांगायची आणि मी ऐकायची. मामांचा गळा म्हणे इतका बेसूर, की ते गायला लागले की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मुद्दाम खोकायच्या. कुत्र्यांना भ्यायचे. सरकारने सांगितलं, पोपशी नातं तोडल्याच्या कागदावर सही करा, राजवाड्यासारखं घर देतो. ते म्हणाले, "घर झाडणार कोण?" आणि सही केली नाही. पुढे तुरुंगात मनुके पाण्यात भिजवून त्याचाच द्राक्षारस करायचे, तो चमच्यात घ्यायचे आणि गुपचूप मिस्सा करायचे. तिथेच गेले. देह घरी आला नाही, माती कुठे पडली ते कोणाला ठाऊक नाही. हे सांगून ती मामांसारखं बेसूर गाऊन दाखवायची, मी खोकायची, आणि दोघी हसायचो.

दर महिन्यातल्या एका शनिवारी ती मृतांसाठीची मिस्सा लावायची. मी न चुकता जायचे. फादर नाव वाचायचे, पण त्या भाषेतली नावं माझ्या कानाला सगळी सारखीच. मी आपली मामांच्या आत्म्यासाठी माळ ओढत बसायचे.

यंदा उन्हाळ्यात रोमहून बातमी आली, बिशपांना हुतात्मा म्हणून धन्यवादित जाहीर करणार, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी. मी तर आनंदाने तिला मिठीच मारली. म्हटलं, "आता ती शनिवारची मिस्सा बंद कर बाई. हुतात्म्याच्या आत्म्यासाठी कोण शांती मागतं? समुद्रात पाणी ओतण्यातली गत. आता त्यानेच आपल्यासाठी मागायचं."

ती सफरचंद सोलत होती. "बंद नाही करता येणार," म्हणाली.

"का गं?"

"ती त्याच्यासाठी नाही. माझ्या बापासाठी आहे."

मग सांगितलं. बिशप तिचे मामा नव्हतेच. तिचा बाप गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचा, मेणबत्त्या लावायचा. धरपकड सुरू झाली तेव्हा त्याने बिशपांना आपल्या माळ्यावर, सफरचंदांच्या पेट्यांमागे लपवलं. मुलांना ताकीद होती, कोणी विचारलं तर मामा म्हणायचं. तेवढ्यात तिच्या थोरल्या भावाला मजुरीच्या छावणीत उचलून नेलं. आणि एका सकाळी सरकारची माणसं आली.

"त्यांनी खाली काही बघितलंच नाही," ती म्हणाली. "ना पलंगाखाली, ना तळघरात. सरळ शिडी चढले. मी लहान होते, पण एवढं कळलं. ज्याला ठाऊक नसतं तो आधी खालचं घर धुंडाळतो."

आठवड्याच्या आत भाऊ घरी आला. आईने केक केला. "मीही खाल्ला," ती म्हणाली. "चांगला झाला होता."

बाप मरेपर्यंत घंटा वाजवत राहिला. गाव त्याला आजही बिशपांना आसरा देणारा म्हणूनच मानतं.

मला त्या बापाचा राग आला का? खरं सांगू, त्याचा नाही आला. लेकरू छावणीत असलेल्या माणसाचा न्याय मी कुठून करणार? राग आला हिचा. मी हिला माझं घर उघडं करून दाखवलं, आणि हिने मला खोटा मामा दिला.

"इतके दिवस मी शेजारी गुडघे टेकून माळ ओढत होते," मी म्हटलं. "कोणासाठी?"

"तू त्याच्यासाठी, मी बापासाठी. देवाला दोघांचे पत्ते माहीत आहेत."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

नसते आले. हे तिला ठाऊक होतं आणि तिने ते वापरलं. हेच मला जास्त लागलं. कोट घालून निघून आले.

घरी मुलगा म्हणाला, "आई, बिशपांनी त्या माणसाला कधीच माफ केलं असेल. तू कशाला रुसून बसलीस?"

"बिशप हुतात्मा आहेत बाबा. मी तुझी आई आहे."

नणंदेचा फोन आला की मी आता हवापाण्याचं बोलते. ती विचारते, "भाचीबाई कशा आहेत?" मी म्हणते, बऱ्या आहेत.

पुढच्या महिन्यातल्या त्या शनिवारी जायचं नाही असं ठरवलं होतं, आणि गेले. पण तिच्या शेजारी नाही, पार मागे बसले. जेमतेम दहा डोकी. फादरांनी नाव वाचलं, आणि या खेपेला मला ते स्वच्छ ऐकू आलं. सगळ्यांनी उत्तर दिलं. मी ओठ मिटून घेतले.

मग हात हातात घेऊन एकमेकांना "शांती असो" म्हणायची वेळ आली. ती वळली, मला शोधलं, आणि रोलेटर ढकलत मधल्या वाटेने यायला लागली. फादर थांबले. चाकं करकरत होती. माझ्यापर्यंत पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती. तिने हात पुढे केला. म्हातारीचा हात, मी धरला. पण ते दोन शब्द काही तोंडातून येईनात.

"वेळ दे मला," मी पुटपुटले.

ती म्हणाली, "घे. पण माझं वय बघून घे."