खूण डावीकडं, बॉल उजवीकडं

बारा वर्षं लोकांच्या गोल्फच्या पिशव्या वाहिल्या की किस्से साठतातच. दुसऱ्यांचे मी चहाबरोबर सांगत आले. स्वतःचे गिळले. आज तेच सांगते.

*

मुळशीत आमच्या शिवाराला लागून गोल्फचं मैदान झालं आणि मी कॅडी झाले. शाळा तिसरीपर्यंत, गोल्फ बघून शिकले. क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, जमिनीला घासला की माती उखडते, लांबट खूण राहते. नांगर जाईल तशीच सरी पडते, तसा बॉलही त्या खुणेच्या रेषेतच जाणार, असं मी ठरवून टाकलं. जन्म शेतात गेलेला, मला कोण शिकवणार?

*

हिंजवडीच्या एका मॅडमचा बॉल सारखा उजवीकडं वळायचा. मी म्हटलं, "क्लब अजून डावीकडं ओढा." त्यांनी ओढला. बॉल आणखीच वळला.

"मावशी, आता पाठ करून मारू का?"

"मनगट कच्चं हाय तुमचं," मी म्हटलं.

*

कोच सरांनी आम्हा कॅडींना समजावलं, "बॉल सुटतो तो क्लबचं तोंड, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, असेल तिकडं. हात एकीकडं फिरले आणि ते तोंड दुसरीकडं असलं की बॉल वळतो."

"सर, कधी नांगर धरलाय का?" मी विचारलं.

सगळे हसले. चंद्रा हसली नाही. मेंढरं राखणाऱ्या घरातली ही सून माझ्याबरोबर कॅडी होती. ती ऐकत होती.

*

एका मेंबरांच्या बॉलवर नातीनं लाल सूर्य काढून दिलेला. तो बॉल टेकाडापलीकडं हरवला. चंद्रा मारतानाचं क्लबचं तोंड बघून थेट उजवीकडच्या बांबूत शिरली. तिला सापडला नाही. मी खुणेच्या रेषेत डावीकडं हुडकला, तिथंही नाही.

मॅनेजरसमोर मी म्हणाले, "खूण डावीकडं हाय, आन् ही उजवीकडं पळाली. हिच्या ओच्यात बघा."

चंद्रानं सगळ्यांदेखत ओचा सोडून दाखवला. काही निघालं नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडची पिशवी काढून तिला बॉल धुवायला बसवलं. मी माझी पिशवी उचलली.

*

पंधरा दिवसांनी बांबूच्या मागं, ओढ्याच्या काठाला, मला तो लाल सूर्य दिसला. चंद्रा गेली होती त्याच रेषेत, थोडा पुढं.

दोन दिवस तो बॉल मी तांदळाच्या डब्यात लपवला. डबा उघडला की सूर्य वर यायचा. तिसऱ्या दिवशी चंद्रा बॉल धुवायची त्या हौदापाशी मॅनेजरला बोलावलं आणि सगळ्या कॅडींसमोर सांगितलं, "हिला चोर मी ठरवलं. बॉल उजवीकडंच गेला हुता."

मॅनेजर म्हणाला, "चंद्रा, उद्यापासून पिशवी घे. आणि ह्या आक्कांचं काय करू?"

चंद्रानं हात पुसले.

"माझ्या मागनं चालू द्या. शिकतील हळूहळू."