सगळ्यांकडे किल्ली

बाजारात तिला सगळे किल्लीवाली ताई म्हणत. नवरा गेल्यावर तिने त्याची किल्ल्या बनवायची टपरी चालवली, दिराच्या घरात एका कोपऱ्याला पडदा लावून दिवस काढले आणि पन्नाशी उलटल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. कागदावर एकटीचं नाव. देवापुढे हात जोडले तेव्हा तिला रडूच फुटलं.

त्याच आनंदात तिने घोळ घातला. लोक मिठाई वाटतात, हिने किल्ल्या वाटल्या. दिराला, जावेला, नणंदेला. हाताला सवयच ती. यंत्र सुरूच होतं, दिल्या काढून.

मग काय विचारता. दुपारी दमून घरी यावं, तर पलंगावर दीर घोरतोय. नणंदेने डबे आपल्या सोयीने लावलेले, साखर शोधताना हिचा जीव मेटाकुटीला. जावेची जुनी ट्रंक पलंगाखाली आली ती मुक्कामालाच राहिली. बोलायची सोय नाही. "आपलंच घर ना," म्हटलं की विषय संपला.

त्या दिवशी मात्र हद्द झाली. घरी येऊन बघते तर दीर एका अनोळखी माणसाबरोबर आतली खोली टेपने मोजतोय.

"वहिनी, हे माझे मित्र. यांना सामान ठेवायला जागा हवीय. तुम्हाला एकटीला दोन खोल्या करायच्यात काय?"

"मला विचारलंत?"

"घरच्या घरात काय विचारायचं?"

तिने पाहुण्याला पाणी दिलं. दोघं गेल्यावर हत्यारं काढली आणि दाराचं कुलूप उतरवलं. जन्मभर दुसऱ्यांची कुलपं बदलली, आज पहिल्यांदा स्वतःचं बदललं. "देवा, माणसं तोडत नाहीये मी, नुसतं दार लावतेय," ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरून खुडबुड सुरू झाली.

"वहिनी, कुलूप बिघडलंय वाटतं."

"आता नीट झालंय, भाऊजी." तिने दार उघडलं. "मित्राला सांगा, जागा मिळणार नाही. तुम्ही केव्हाही या, पण बेल वाजवून."

दीर गोरामोरा झाला. त्याने जुनी किल्ली बोटांत फिरवली आणि तिच्यापुढे धरली.

"बरं, मग हिच्या बदल्यात नवी कधी काढून देताय?"

तिने कपाळावर हात मारला. किल्ली घेऊन भंगाराच्या डब्यात टाकली आणि चहा टाकायला आत गेली. साखर पुन्हा सापडेना.