धानवाल्यांच्या घरातला मोगरा

ज्यांचं पीक पाण्यात उभं राहतं, त्यांना मान टाकलेलं कोणतंही झाड तहानलेलंच दिसतं. माझ्या सासरच्या माणसांबद्दल माझं हे मत होतं आणि मी ते मनात ठेवत नसे.

मी पवनीची. आमच्या घरी हातमाग होते. सुताला हात लावण्याआधी हात धुवायचे, ही आमच्याकडची पहिली शिकवण. मातीचं बोट लागलं की काठाची शोभा गेलीच म्हणून समजा. अशा घरातली मुलगी दिली कुठे, तर लाखांदूरकडच्या एका गावात, धानवाल्यांच्या घरी! रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की तिथली माणसं गुडघाभर चिखलातून उठत आणि थेट ताटावर बसत. हात धुवत, नाही असं नाही, पण आमच्याकडे त्याला धुणं म्हणत नाहीत. सासूबाईंच्या नखांत बारा महिने काळी रेघ असे. त्यांनी थापलेली भाकरी मी आधी उलटून पाहायची आणि मग खायची. त्यांना ते दिसत असणारच. मला त्याचं काही वाटत नसे.

आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळं होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. तरी सासरे आणि नवरा अजून हळहळत, आपल्या जिल्ह्याचे तलाव तिकडे गेले म्हणून. जसे काही यांनीच खोदले होते. या घरात कोणाला झोपेतून उठवलं असतं तरी तो पाण्याबद्दलच बोलला असता.

त्याच सुमारास माझी आई गेली. भावांनी माग विकले, मग घर विकलं. अंगणातला तिचा मोगरा नवा मालक उपटणार हे दिसतच होतं. मी त्याची एक फांदी आधीच मातीत दाबून ठेवली होती. तिला मुळं फुटली, तेवढीच आई माझ्या वाट्याला आली. ती कुंडीत लावून, एसटीत मांडीवर धरून, मी सासरी आणली.

“अंगनात एवढी जागा हाय, मंग कुंडीत काहून?” सासूबाईंनी विचारलं.

“तुमच्या बकऱ्या काही ठेवतेत का?” मी म्हटलं. विषय संपला.

पुढच्या हिवाळ्यात वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते नागपूरला भावाकडे होते, म्हणून मी बारा दिवस तिकडे गेले. निघताना दारातून सासूबाईंना बजावलं, “मामीजी, धानाशिवाय काही जगवता येते का तुमाले, ते पाहू आता. एक थेंब कमी पडू देऊ नोका.” त्या नुसत्या “हो बाई” म्हणाल्या.

परत आले तर मोगऱ्याने मान टाकलेली. पानं पिवळी, शेंडे खाली. आणि भोवती घरातले सगळे वैद्य उभे. नवरा म्हणाला, थंडी लागली. सासरे म्हणाले, चिमटीभर युरिया टाक. शेजारीण म्हणाली, नजर लागली, मिरच्या ओवाळ. एवढी विद्वत्ता पाजळून झाल्यावर प्रत्येकाचा इलाज मात्र एकच होता. जाता जाता पेलाभर पाणी ओतायचं! नवऱ्याने माझ्यासमोर ओतलं तेव्हा मी पेला हिसकावून घेतला.

खराट्याची काडी घेऊन मातीत खोल खुपसली. बाहेर आली ती काळ्या लगद्याने माखलेली, आणि वास नालीचा. तहान कसली? झाड बुडत होतं. मुळं सडली की वर पाणी चढत नाही, म्हणून पानं सुकल्यासारखी लोंबतात आणि शहाणी माणसं आणखी पाणी घालतात. पण कुंडीला खाली भोक असताना एवढं पाणी साचलं कसं? मी कुंडी आडवी केली. भोक चिकण मातीने बुजवलेलं होतं. वरून बोट फिरवून छान गुळगुळीत केलेलं.

“म्या बुजवलं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी शाबासकीची अपेक्षाही होती. “खालून पानी जाऊन राहिलं होतं ना. धानाच्या बांधीचा धुरा फुटून पानी गेलं त मंग रोपाले काय राहते? तूच त म्हनली, एक थेंब कमी पडू देऊ नोका.”

“बांधी नोहोय हे, कुंडी होय!” मी ओरडले. तिथे थांबायला हवं होतं. थांबले नाही. “माही माय एकदा मेली. तुमी दुसऱ्यांदा मारली.”

सासूबाई पदराने हात पुसत आत गेल्या.

मी इलाजाला बसले. मुळं धुतली. तपकिरी मुळं हाताने ओढली की साल निघून नुसता दोरा उरत होता. ती सगळी आईच्या सूत कापायच्या कात्रीने छाटली. पांढरी, टणक अशी मोजकीच राहिली. वरच्या फांद्याही छाटल्या, कारण एवढ्याशा मुळांनी किती जणांना पोसायचं? भोक मोकळं करून त्यावर खापराचा तुकडा ठेवला, कोरडी माती आणि रेती भरली, कुंडी ओसरीवर सावलीत ठेवली. आणि घराला फर्मान सोडलं, या झाडाला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

सगळ्यांनी ते पाळलं. सासूबाई तर कुंडीवरून जाताना हात पाठीशी बांधून जात. महिन्याभराने दोन हिरवे डोळे फुटले. मी ते शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवले. आता गावात झाडांची जाणकार एकच, ती म्हणजे मी.

शिमगा जवळ आला, ऊन चढलं, आणि मोगऱ्याने पुन्हा मान टाकली.

मी लगेच ओळखलं, सड परत आली. होतं नव्हतं ते पाणी बंद केलं. नवरा म्हणाला, काडी घालून तर पाहा. मी म्हटलं, मला रोग माहीत आहे, तुम्ही तुमचे तलाव मोजा. दोन दिवसांत कोवळी पानं कडेने करपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या, कुंडीपाशी उकिडव्या बसल्या आणि मला न विचारता बोट मातीत घातलं. दोन पेरं आत. काळ्या नखाचं तेच बोट. क्षणभर डोळे मिटून बसल्या, मग बोट काढून माझ्यासमोर धरलं. त्याला ओलीचा कणही नव्हता, नुसती धूळ.

“पार कोल्लं हाय बाई. तहानलं हाय हे.”

आयुष्यभर चिखलात रोपं लावलेलं बोट ओल ओळखणार नाही तर काय माझी काडी ओळखणार? मी धावत जाऊन लोटा भरून आणला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला.

“तूच दे,” त्या म्हणाल्या. “माह्या हातून नोको. आनखी एकदा मेली त तू काय म्हनशीन?”

तीन महिने त्या ते वाक्य घेऊन घरात वावरत होत्या, आणि मी शेजारणीला पानं दाखवत होते. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“तुमीच द्या, मामीजी,” मी म्हटलं, आणि लोटा त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी धार धरली. भोकातून पाणी ओसरीवर वाहू लागलं तसा त्यांचा हात सवयीने तिकडे गेला आणि अर्ध्यातूनच मागे आला. संध्याकाळपर्यंत मोगरा सरळ झाला. माफी मी मागितली नाही. तेवढं मोठं मन माझं नव्हतं. पण जेवताना त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली, ती मी उलटून पाहिली नाही.